देवकाबाईची फळी आणि भैयाजींचा दगड

चांद्यात फूटपाथ झाला म्हणे, मग आपल्या गावात काऊन नाई? एवढ्याच एका कारणापायी आमच्या गावच्या कमेटीनं बाजाराच्या रस्त्याला फूटपाथ बांधला. नागपूरची राजधानी जायच्या आधीच्या सालातली ही गोष्ट. गावाचं नाव मी सांगत नाही. ज्यांची ही गोष्ट, त्या घरातले लोक अजून आहेत आणि त्यांना राग लवकर येतो.

फूटपाथ झाला गुडघाभर उंच. पावसाचं पाणी वर चढू नये, असं ओव्हरसियरचं म्हणणं. पाणी चढलं नाही, माणसंही चढली नाहीत. शेळ्या तेवढ्या मजेत वर बसून रवंथ करू लागल्या. बांधलेलं वाया जातंय म्हटल्यावर कमेटीनं हुकूम काढला: बाजाराच्या दिवशी दुकानं वरच मांडायची, खाली बसेल त्याचा माल जप्त.

हा हुकूम बसला तो देवकाबाईच्या पोटावर. ढिवरांच्या घरातली ही बाई. लहानपणी तापात दोन्ही पाय गेले. सुतारानं सागाच्या तुकड्यांची फळी ठोकून दिली, खाली चाकं लावली, आणि दोन्ही हातांत लाकडी ठोकळे धरून, ते जमिनीला रेटत ती बाजार गाठायची. भाऊ तलावात जाळं टाकायचा, ती मासे विकायची. भावजय एकदा बोलून गेली होती, "बसून खाते." तेव्हापासून बाईनं स्वतः न कमावलेला घास तोंडात घातला नव्हता. बाजारातली जागा गेली की पुन्हा भावजयीच्या हाताकडं बघणं आलं, आणि त्यापेक्षा मरण बरं, असं ती उघड म्हणायची.

अशात नागपूरहून एक साहेब पाहणीला आला. विलायतेत शिकलेला. त्यानं भलतंच विचारलं, "लुळ्यापांगळ्यांना यावरून जाता येतं का?"

कमेटीचे अध्यक्ष भैयाजी, तेलघाणीचे मालक, खादीला कडक इस्त्री. ते म्हणाले, "येते ना साहेब, काऊन नाई येत? उद्याच दाखवतो."

दुसऱ्या दिवशी साहेबाला दाखवायला देवकाबाईला बोलावलं आणि तिच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. बाई खूश. आता साहेबाच्या डोळ्यांदेखत आपली फळी अडणार, साहेब विचारणार, आणि आपल्यापुरता एक उतार होणार, असा तिचा साधा हिशेब. पण फळी अडायच्या आधीच दसरू चपराशी आणि त्याचा जोडीदार धावले. फळीसकट बाईला उचलून वर ठेवलं. फूटपाथ जिथं तुटला होता तिथं खाली, पुन्हा वर.

"ठेवा बे मले खाली! मले चढता येते का नाई, ते पाहू द्या त्याले!"

भैयाजींनी बाजेवाले आधीच सांगून ठेवले होते. त्यांच्या ढोलताशांत तिचं कोणाला ऐकू आलं नाही. साहेब म्हणाला, "उत्तम सोय आहे," आणि त्याची जीप आलापल्लीच्या जंगलाकडे सुटली. त्याला खरं तर वाघ बघायचा होता.

पुढच्या बाजारी बाई फूटपाथच्या पायथ्याशी येऊन थांबली. "दसरूभाऊ, उचला ना."

दसरू ओशाळला. "बाई, ते साहेबापुरतं होतं."

कमेटीच्या मुकादमानं टोपली जप्त करायला हात घातला, तशी बाईनं फळी वळवली आणि थेट कमेटीच्या कचेरीपुढं नेली. तिथंही पायऱ्या. मग पायऱ्यांच्या तोंडाशीच तिनं मरळ आणि झिंगे मांडले. भैयाजी माळकरी. नाकाला धोतर लावून बाहेर आले.

"हे काय लावलं बाई तू?"

"काई नाई भैयाजी. तुमच्या माणसाईची वाट पाहून राह्यली. साहेबापुढं चढवलं, आता बी चढवा. नाईतर इथीच विकतो."

गिऱ्हाइकं तिथंच येऊ लागली, मागून मांजरी, वरून कावळे. कमेटीच्या बैठका बंद पडल्या. जे अर्जविनंत्यांनी झालं नसतं ते मासळीच्या वासानं झालं: फूटपाथला उतार मंजूर!

उतार झाला, छान झाला. पण उद्घाटनाशिवाय चालतं होय? भैयाजींच्या नावाचा संगमरवरी दगड उताराच्या तोंडाशी, अगदी मधोमध, रोवला. नाव नीट दिसावं म्हणून! नारळ फुटला, पेढे वाटले, भाषण झालं. देवकाबाईनं फळी रेटली आणि ती खट्‌कन दगडाला अडली.

बाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आव माय, एवढं करून बी हेच?" मग डोळे पुसले, टोपलीतला मासा काढला आणि खवले काढायला दगडावर खसाखसा घासू लागली. मुकादम धावला.

"खाली बसाचं नाई!"

"खाली कुठी? उतारावर आहो मी. भैयाजीच्या आधारानं बसली."

बाजारभर बोलबाला झाला. बायका पोरांना सांगायच्या, "जाय, भैयाजीपासून ताजी मरळ आण." माळकरी माणसाच्या नावावर खवले वाळू लागले. भैयाजींनी चार दिवस दम धरला आणि मग दगड मुळापासून उपटवून घरी नेला.

त्यानंतरच्या बाजारी देवकाबाईची फळी कोणाचा हात न लागता वर चढली. मधोमध बसून तिनं मासळी मांडली, इकडंतिकडं पाहिलं आणि दसरूला हाक मारली.

"दसरूभाऊ, भैयाजीले सांगजा, दगड परत द्या म्हणाव. कडेला लावतो. घासाले लई बेस होता!"