बिनडोळ्यांची पापलेटं

दिवाळे गावच्या जयदेवला हौस दांडगी, हात मात्र बेताचा. निवृत्त झाल्यापासून त्याने घरातल्या एकाही वस्तूला सुखाने जगू दिलं नव्हतं. त्याने दुरुस्त केलेला पंखा उलटा फिरू लागला, तेव्हा बायको जयमाला शांतपणे म्हणाली, "असू दे, पालींना पन वारा पायजे."

पण यावेळी गोष्ट वेगळी होती. त्याच्या आईने, पुतळाबाईने, पन्नास वर्षं मासळी विकली. गुडघ्यांनी दगा दिला आणि पाटी सुटली. तेव्हापासून ती खाटेवर बसून समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहायची. शिव्या देणंसुद्धा तिने सोडलं होतं. ज्या घराची सकाळ तिच्या आवाजाने व्हायची, तिथली ही शांतता जयदेवला सहन होईना.

मोबाइलवर स्टेन्सिलचे व्हिडिओ बघून त्याने ठरवलं, त्या भिंतीवर पापलेटं रंगवायची. विकतचा साचा कशाला? आईच्या गुडघ्याचा एक्स-रे कपाटात होताच. त्यावर पापलेट आखून ब्लेडने कापलं. डोळ्याचा तुकडा बारीक पट्टीने साच्याला जोडलेला ठेवायचा असतो, हे व्हिडिओतल्या बाईने दोनदा सांगितलं होतं. जयदेवने नेमका तेवढा भाग पुढे ढकलला होता. मासा कापताच डोळाही सुटून खाली पडला. एवढ्याशा डोळ्याकडे कोण बघतंय, म्हणत त्याने स्पंजने तेवीस पापलेटं उठवली.

दुपारी पुतळाबाई झोपून उठली आणि भिंतीकडे बघतच राहिली.

"यो काय काढलास?"

"पापलेट, आये. तुज्यासाठी."

"डोला कुठं हाय?"

जयदेवने स्पंज पाठीमागे लपवला.

"डोला बगून गिराइक म्हावरा घेतं. सगला शिला माल माज्या म्होरं मांडलास? पन्नास वर्सांत माजी पाटी कदी अशी लागली नाय."

मग तोंडाचा जो पट्टा सुटला, तो ऐकून शेजारची अमिता दारात आली. जयमालाने हसू दाबत चहा टाकला. जयदेव खाली मान घालून शिव्या खात होता, आणि त्याला इतकं बरं वाटत होतं की डोळे भरून आले.

"मला उठीव," पुतळाबाई म्हणाली.

जयदेवने तिला धरून उभं केलं. काळ्या रंगात बोट बुडवून, भिंतीच्या आधाराने ती एकेका पापलेटाला डोळा लावत सरकू लागली. चार पावलं. मग आणखी दोन. वरच्या रांगेला हात पोचेना, तेव्हा ती धापा टाकत खाटेवर टेकली.

"ती उद्या," ती म्हणाली. "आज इकली तेवडी बस."