बिनचाकांची बॅग

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईच्या खोलीला लागून, एक लांबट कारखाना होता. तिथं पाय तयार व्हायचे. हातही व्हायचे, पण कमी. तिथं एकोणतीस वर्षं काम करणाऱ्या बाईंना मोठ्या डॉक्टरांपासून झाडलोट करणाऱ्यापर्यंत सगळे ताईच म्हणायचे. पायाचा साचा घासताना हाडाला कुठं जागा सोडायची आणि कुठं आवळायचं, हे त्यांची बोटं डोळ्यांच्या आधी ओळखायची.

या कामात त्या पडल्या त्या धाकट्या बहिणीमुळं. धाकटी एकोणीस वर्षांची असताना अपघातात तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. तिला मिळालेला पहिला कृत्रिम पाय इतका बोचायचा, की तो पायात कमी आणि खुंटीवर जास्त असायचा. ताई तेव्हा शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायच्या. एक दिवस तो पाय पिशवीत घालून त्या कारखान्यात भांडायला गेल्या. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘एवढं कळतंय तर बसा इथं आणि करून दाखवा.’’ ताई बसल्या त्या बसल्याच. तेव्हापासून धाकटीचा प्रत्येक पाय त्यांच्याच हातचा.

पुढं धाकटी लांब, समुद्रापलीकडच्या गावात गेली, शाळेत भूगोल शिकवायला लागली. चार-पाच वर्षांनी एकदा यायची, साचा देऊन जायची आणि पाय मागून जायचा. या खेपेला मात्र मागून गेलेला पाय कुरिअरवाल्यांनी कुठं पोचवला, ते त्यांचं त्यांनाही सांगता येईना. त्यात तिचा जुना पाय वरच्या कडेला तडकला. धाकटी तिसऱ्या मजल्यावर राहायची, इमारतीला लिफ्ट नाही. पाच आठवडे ती कुबड्या घेऊन घरात बसली होती. फोनवर म्हणायची, ‘‘मी बरी आहे गं ताई. अगदी बरी आहे.’’ ती एकदा बरी म्हणाली तर ताई विश्वास ठेवायच्या. दोनदा म्हणाली की समजायचं, काही खरं नाही.

साचा कारखान्यात होताच. ताईंनी आठ दिवसांत दुसरा पाय तयार केला आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, ‘‘हा मी स्वतः नेणार. आणि हातातून नेणार. सामानात टाकायचा नाही.’’

ताई जन्मात विमानात बसल्या नव्हत्या. नवराही नव्हता, पण त्यानं तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली होती, त्यामुळं प्रवास आणि सामान या विषयांत आपला शब्द शेवटचा असं त्याला वाटायचं. तिकिटाचा कागद त्यानं चष्मा लावून मोठ्यानं वाचला. हातातली बॅग पंचावन्न सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद, वीस जाड. वजन सात किलोपर्यंत. चाकं, मुठी, बाहेरचे खिसे, सगळं धरून.

‘‘असं लिहायचंच असतं त्यांना,’’ तो म्हणाला. ‘‘मी लोकांच्या पलंगाएवढ्या ट्रंका टपावर चढवल्यात. कुणी पट्टी घेऊन आलं नाही.’’

‘‘तुमच्या बसला टप होता. विमानाच्या टपावर कोण चढणार?’’

ताई कागदावर आकडे मांडत होत्या. धाकटी ठेंगणी, तरी वरच्या कडेपासून तळव्यापर्यंत पाय सत्तेचाळीस भरत होता. पाऊल बावीसचं. म्हणजे आडवा ठेवला तर पाऊल रुंदीत बसणार. सुटा करून नेला तर सोपं होतं, पण सुटा केला की परत जोडायला पाने, पेचकस लागणार, आणि तसली हत्यारं हातातल्या सामानात चालत नाहीत असं त्याच कागदावर लिहिलं होतं. म्हणून ठरलं, हत्यारांची पेटी सामानात द्यायची आणि पाय जोडलेला, जसाच्या तसा बरोबर न्यायचा.

दुसऱ्या दिवशी दोघं बॅग घ्यायला निघाले. पहिल्याच दुकानात विक्रेत्यानं चकचकीत निळी बॅग एका बोटानं त्यांच्यापुढं फिरवली. ‘‘ही घ्या बिनधास्त. केबिनचीच आहे. इथं लिहिलंय बघा, पंचावन्न.’’

ताईंनी कोटाच्या खिशातून मोजपट्टी काढली. ती त्यांच्या खिशात कायम असायची. ‘‘अठ्ठावन्न भरतेय.’’

‘‘तुम्ही चाकं धरून मोजताय.’’

‘‘मग चाकं काढून हातात देणार का तुम्ही?’’

विक्रेता हसला, पण पट्टीकडं बघायला काही त्यानं मान खाली घातली नाही. नवऱ्यानं कुजबुजत सांगितलं, ‘‘तीन सेंटिमीटरसाठी कशाला माणसाचा दिवस घालवतेस?’’ ताई म्हणाल्या, ‘‘तीन सेंटिमीटरनं माणूस लंगडा होतो,’’ आणि दुकानातून बाहेर पडल्या.

दुसऱ्या दुकानातली बॅग बाहेरून बरोबर पंचावन्न होती, पण आतून मोजली तर शेहेचाळीस. चाकांची घरं आणि मुठीच्या नळ्या आतली जागा खात होत्या, आणि ती रिकामीच तीन किलोची होती. तिसऱ्या ठिकाणी सगळं जमत होतं, फक्त बॅग वीसच्या जागी पंचवीस जाड. दुकानदारीणबाई म्हणाल्या, ‘‘दाबली की बसते.’’ ताईंच्या डोळ्यांपुढं दाबलेला पाय आला आणि त्यांनी बॅग परत फळीवर ठेवली. आखूडशिंगी, बहुदुधी गाय शोधायची म्हटल्यावर नाकी नऊ यायचेच.

शेवटी नवऱ्याचे गुडघे बोलायला लागले म्हणून दोघं एका बॅगदुरुस्तीवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर टेकले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. आत एक किडकिडीत माणूस उपड्या बॅगेची चेन बसवत होता. दोघांचं बोलणं ऐकून त्यानंच विचारलं, ‘‘नेमकं काय न्यायचंय?’’

‘‘पाय,’’ ताई म्हणाल्या आणि पिशवीतून पुठ्ठ्याचा कापलेला आकार काढून दाखवला.

तो माणूस ना चकित झाला ना हसला. आकार हातात घेऊन उलटासुलटा केला. ‘‘मग चाकांच्या नादाला लागूच नका. चाकांना लांबीही द्यावी लागते आणि वजनही. बिनचाकांची, कापडी घ्या. पण एक लक्षात ठेवा, कापडी बॅग लांबीत फसवत नाही, पोटात फसवते. बाहेरच्या खिशात काही कोंबायचं नाही.’’

मागच्या ढिगातून त्यानं करड्या जाड कापडाची बॅग ओढून काढली. कुणीतरी चेन बदलायला दिली होती आणि न्यायला वर्षभर फिरकलंच नव्हतं. ताईंनी पट्टी लावली. बावन्न, छत्तीस, एकोणीस. पुठ्ठ्याचा पाय आत ठेवला, तो चारी बाजूंना बोटभर जागा सोडून निवांत बसला. नवरा म्हणाला, ‘‘रंग जरा उदास आहे.’’ ताईंनी ऐकूनच घेतलं नाही. चेन त्यांनी दहा वेळा उघडून-मिटून बघितली. सकाळपासून आवळलेले खांदे तिथं पहिल्यांदा सैल झाले.

विमानाच्या दिवशी सकाळी नवरा सोडायला आला. हत्यारांची पेटी सामानात गेली. तपासणीच्या जागी मात्र पडद्यासमोरच्या अधिकाऱ्यानं पट्टा थांबवला, मान पुढं केली आणि बाजूच्या बाईंना बोलावलं. बॅग उघडली गेली.

‘‘हा पाय कुणाचा?’’

‘‘माझ्या बहिणीचा.’’

‘‘बहीण कुठं आहे?’’

‘‘पायाची वाट बघत घरी बसलीय.’’

अधिकारीबाईंनी ताईंच्या दोन्ही पायांकडं एकदा बघून घेतलं. मग रुग्णालयाचं पत्र वाचलं, पायावरून स्फोटकं तपासायची एक कापडाची पट्टी फिरवून यंत्रात घातली आणि बॅग परत केली. ‘‘छान केलाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘खरा वाटतो.’’ ताईंना कारखान्यात इतक्या वर्षांत एवढं कुणी म्हटलं नव्हतं.

विमानाच्या दाराशी रांग लागली होती आणि रांगेच्या तोंडाशी लोखंडी सांगाडा ठेवला होता. प्रत्येकाला त्यात आपली बॅग घालून दाखवायला लावत होते. ताईंच्या पुढच्या गृहस्थांची बॅग तशीच चकचकीत निळी होती. ती चाकांशी अडली. त्यांनी वरून हात टेकवून दाबली, मग गुडघा टेकवला, आणि अखेर कर्मचाऱ्यानं ती बॅग खालच्या सामानात जायची चिठ्ठी लावून बाजूला घेतली.

त्यांनी बॅग सांगाड्यात सोडली. अर्ध्यावर गेली आणि थांबली.

घरी चार वेळा मोजली होती. मग त्यांचा हात बाहेरच्या खिशाकडं गेला आणि लक्षात आलं. निघताना नवऱ्यानं मायेपोटी त्यात लोकरीचे मोजे कोंबले होते, दोन जोड, वर ‘तिकडं थंडी असते’ अशी चिठ्ठी. ताईंनी मोजे काढून कोटाच्या खिशांत घातले. बॅग स्वतःहून, हळूच सरकत तळाला जाऊन टेकली. चारी बाजूंना कुठं घासली नाही. कर्मचारी पुढच्या माणसाकडं वळलासुद्धा, पण ताई तिथंच उभ्या राहून तळाला टेकलेल्या बॅगेकडं बघत होत्या. त्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि तो तिथंच जरा वेळ असू द्यावा असं त्यांना वाटत होतं.

आत गेल्यावर बघतात तो डोक्यावरचे सगळे कप्पे भरलेले. हवाईसेविका म्हणाली, ‘‘मावशी, ही बॅग खाली सामानात पाठवावी लागेल.’’

‘‘बॅग न्या,’’ ताई म्हणाल्या. ‘‘आतला पाय मी मांडीवर घेईन.’’ आणि त्यांनी तिथंच, वाटेत उभं राहून, चेन उघडायला घेतली.

मुलीनं आत डोकावून बघितलं आणि तिचा आवाजच बदलला. तिनं बॅग दोन्ही हातांनी उचलून घेतली आणि पुढच्या बाजूला, त्यांचे स्वतःचे कोट टांगायच्या कपाटात, उभी ठेवली. परत येऊन ताईंचा पट्टा लावून देताना म्हणाली, ‘‘हे तिकीट काढतानाच सांगायचं होतं. असल्या वस्तू आम्ही मापात धरतच नाही. वेगळ्या घेतो.’’

ताईंना एवढा संताप आला, की चार दुकानं, नवऱ्याचे गुडघे, पुठ्ठ्याचा पाय, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण पाय कपाटात होता, कपाट दिसत होतं, आणि विमान हलायला लागलं होतं. संताप फार टिकला नाही. जमीन खाली जाताना बघावी असं त्यांच्या मनात होतं, पण त्याआधीच त्यांना झोप लागली.

पलीकडच्या विमानतळावर हत्यारांची पेटी आलीच नाही. फिरता पट्टा रिकामा होऊन थांबला. खिडकीतला माणूस अजिजीनं म्हणाला, ‘‘परवापर्यंत मिळेल. फार गैरसोय झाली का?’’ ताईंनी खांद्यावरची बॅग चाचपली आणि म्हणाल्या, ‘‘नाही हो. सावकाश येऊ द्या.’’ तो माणूस जरा चक्रावला. पेटी हरवली म्हणून इतक्या खुशीत कुणी त्याला भेटलं नसावं.

दुपारी त्या धाकटीचा जिना चढल्या. दार उघडलं तेव्हा धाकटी कुबड्यांवर होती, वाळली होती. ताई बॅग टेबलावर ठेवून थेट जमिनीवर बसल्या. पाय चढला. धाकटी भिंतीला धरून उभी राहिली, दोन पावलं टाकली आणि थांबली.

‘‘टाच जरा लवकर टेकतेय.’’

‘‘दिसलं मला. चार नंबरचा पाना हवा, आणि पेटी तर कुठंतरी हिंडतेय.’’

‘‘खाली सायकलवाला आहे.’’

ताई खाली जाऊन पाना मागून घेऊन आल्या. सायकलवाल्यानं कशाला हवा ते विचारलंही नाही. घोट्याच्या वरचे स्क्रू त्यांनी केसभर फिरवले, एक ढिला, एक घट्ट. धाकटी खिडकीपर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला तिनं भिंत सोडली होती.

‘‘बोचतंय कुठं?’’

‘‘नाही.’’ ती जरा थांबली. ‘‘मी बरी आहे ताई.’’

एकदाच म्हणाली. ताईंनी मान डोलावली आणि कोटाच्या खिशातून मोजे काढून सोफ्याच्या हातावर ठेवले.

धाकटीनं पाना उचलला. ‘‘हा मीच देऊन येते.’’

‘‘जिना आहे. सावकाश जा.’’

‘‘सात आठवडे सावकाशच चाललंय.’’

ताईंनी दार उघडंच ठेवलं आणि कान लावून बसल्या. कठड्यावरचा हात घसटत गेला, मग पावलं वाजायला लागली, एक जड, एक हलकं, पण अंतर सारखं. दुसऱ्या मजल्यावर ती थोडी थांबली. शेजारच्या कुणाशी तरी बोलली, हसली. मग पावलं आणखी खाली गेली आणि रस्त्याच्या आवाजात मिसळली. पाना द्यायला दोन मिनिटं पुरली असती. ती पाऊण तासानं आली, हातात पाव, दूध आणि शाळेच्या दारावरून आणलेलं तिच्या तासांचं वेळापत्रक. ताई बूट न काढताच सोफ्यावर गाढ झोपल्या होत्या. धाकटीनं दार हलकेच लोटलं आणि चहाचं पाणी ठेवायला आत गेली.