खालच्या काकांचा फ्लेक्स

आमचे खालचे काका जन्माला आले तेव्हा सुईणीशीसुद्धा भांडले असणार, याबद्दल वारज्यात कुणाचं दुमत नव्हतं. खालचे म्हणजे आमच्या फ्लॅटच्या बरोबर खालच्या फ्लॅटमधले. आयटी कंपन्यांच्या बसगाड्या रस्त्यावर नुकत्या दिसू लागल्या होत्या आणि वारज्यातल्या शेतांतून इमारती उगवत होत्या, त्या दिवसांत मी अकोल्याहून नोकरीसाठी पुण्यात आलो आणि हा फ्लॅट घेतला. इमारतीखालची जमीन काकांच्या घराण्याची. ती बिल्डरला दिली तरी काकांनी मनातून काही दिली नव्हती. पार्किंगला ते फ्लॉवरचं वावर म्हणत. लिफ्ट विहिरीच्या जागी होती, म्हणून तिच्यात ते चप्पल काढून चढत. "तुज्या ग्यासच्या बरोबर खाली माजा सर्जा बसायचा," असं त्यांनी माझ्या बायकोला पहिल्याच भेटीत सांगितलं. तिने पुढे कितीतरी दिवस कुकर बैलाच्या पाठीवर ठेवल्यासारखा जपून ठेवला.

त्यांचं भांडण कुणाशीही होई, पण त्याला शिस्त होती. वर आमची खुर्ची सरकली की खालून कुदळीचा दांडा छताला लागे. एक ठोका म्हणजे ऐकू आलं, दोन म्हणजे पुरे, आणि तीन म्हणजे ते स्वतः जिना चढून येत आहेत. जमीन गेल्यावरही ते रोज सकाळी बस पकडून मार्केट यार्डात जात. विकायला काही नसे, पण चाळीस वर्षं फ्लॉवर विकलेल्या माणसाला दुसऱ्याचा फ्लॉवर उलटून बघितल्याशिवाय चहा जात नाही. एकदा मी सोबत होतो. एक व्यापारी गिऱ्हाइकाला सांगत होता, "माल चांगला आहे, जरा डागी आहे इतकंच." काकांनी गड्डा उचलला, फोडला आणि आतली अळी त्या व्यापाऱ्याच्या पुढ्यात ठेवली. "ह्याला डागी म्हणत्यात व्हय? किडकाय. किडका म्हण. घेणारा तरीबी घेतोय, पण डोळं उघडं ठेवून घेतोय." त्यांचं सगळं तत्त्वज्ञान यात आलं. व्यापाऱ्याने त्यांना जे म्हटलं तेही अगदी स्पष्ट होतं आणि काकांनी त्याला हरकत घेतली नाही.

मग त्यांचा आवाज बसला. ओरडून बसला, असं सगळे म्हणाले आणि मनातून खूशही झाले. तीन महिने झाले तरी उठेना, तेव्हा काकींनी मला गाडी काढायला लावली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी रिपोर्ट तीनदा वाचला आणि घशात थोडी वाढ दिसतेय असं म्हणाले. काका खुर्चीत पुढे सरकले. "किडलंय ना? मंग किडलंय म्हणा की." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "हो काका. कॅन्सर आहे." काकींनी पदर तोंडाला लावला. काका मात्र बाहेर आल्यावर म्हणाले, "माणूस सरळ हाय. ह्याच्याकडंच करायचं."

घरी भेटायला येणाऱ्यांचं तसं नव्हतं. त्यांच्यात दोन पंथ होते. पहिला पंथ शब्द न उच्चारणाऱ्यांचा. "त्यांना ते झालंय ना?" असं जिन्यात विचारत, आणि 'ते' म्हणताना आवाज इतका बारीक करत की आजाराला ऐकू गेलं तर तो त्यांच्याही घरी यायचा. सोसायटीचे सेक्रेटरी तर बोलता बोलता स्वतःच्या घशाकडे बोट नेत आणि मध्येच दचकून काढून घेत. दुसरा पंथ लढाईवाल्यांचा. "काका, तुम्ही जन्माचे लढवय्ये. याला तर असा लोळवाल." पहिल्या पंथाला काका चहा देत. दुसऱ्याला नाही.

"अरं, मी भांडलो ते समोर उभ्या असल्याल्या माणसाशी," एकदा ते मला म्हणाले. आता कुजबुजल्यासारखाच आवाज उरला होता, त्यामुळे शिव्या खायच्या म्हटल्या तरी माणसाला वाकून कान पुढे करावा लागे. "हितं मी पालथा पडतोय, उताणा पडतोय. काय करायचं ते डाक्टर करतोय. ही कसली लढाई? आन उद्या गेलो तर हेच म्हणणार, गड्याचा जोर कमी पडला."

माझं ऑफिस दुपारी सुरू होई, म्हणून रोज सकाळी त्यांना शेक द्यायला न्यायचं काम माझ्याकडे आलं. शेक म्हणजे रेडिएशन. तिथल्या रांगेत सगळे त्याला शेकच म्हणत, जसं काही अंग दुखतंय म्हणून विटकर गरम करून आणायची आहे. पहिल्याच दिवशी आतून मदतनीस ओरडला, "घसा आला का, घसा?" काका उठले नाहीत. तो दुसऱ्यांदा ओरडला, तेव्हा जवळ जाऊन त्याच्या कानात म्हणाले, "घसा न्हाई. घशाचा मालक आलाय." रांगेत हसायला कुणाला फारसं जमत नसे, पण एक बाई खो खो हसल्या. त्या लोणी काळभोरच्या. अंगणवाडी चालवत. शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून दोन बस बदलून यायच्या आणि डोक्याला बांधलेल्या फडक्याची गाठ वरचेवर सारखी करायच्या. "मला तर हा छातीच म्हणतो," त्या म्हणाल्या. "गावात गेले की बिचारी म्हणतात. लेक म्हणतो, आई तू वाघीण आहेस. मी काय वाघीण! मला पाल दिसली तरी मी पाटावर चढते."

"मंग तुमास्नी म्हणायचं काय?" काकांनी विचारलं.

बाईंनी फडक्याची गाठ पुन्हा सारखी केली. "हे मला कुणी विचारलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "पोरं नुसतं बाई म्हणतात. ते मला आवडतं."

त्या दिवसापासून काका त्यांना बाई म्हणत आणि त्या मदतनिसालाही म्हणायला लावत. त्यासाठी ते त्याच्याशी चार दिवस सलग भांडले, तेही आवाज नसताना. बाई शेंगदाण्याचे लाडू आणत. काकांना गिळता येत नसे, म्हणून त्यांच्या वाटणीचा मी खाई, आणि तो कसा झालाय हे मला काकांना तपशीलवार सांगावं लागे. भांडण न करता काकांना इतका वेळ बोलताना मी दुसरीकडे कधी पाहिलं नाही.

शेक संपले. काही महिन्यांनी काकांची तपासणी झाली आणि रिपोर्ट स्वच्छ आला. काका म्हणाले, आधी बाईंना सांगू. रविवारी मार्केट यार्डातून त्यांनी स्वतः निवडून, उलटून बघून दोन गड्डे घेतले आणि आम्ही लोणीला गेलो. गावच्या चौकातच बाईंचा फोटो लावलेला होता. डोक्यावर भरपूर केस होते, म्हणून मी आधी ओळखलं नाही. खाली लिहिलं होतं, 'कर्करोगाशी झुंज अखेर अपयशी'. काका गाडीतून उतरून ते वाचत उभे राहिले. नंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो. लेकाने चहा दिला. काकांनी गड्डे त्याच्या हातात दिले आणि इतकंच म्हणाले, "बाईंस्नी सांगायचं ऱ्हायलं."

आम्ही परत निघालो. वारज्याच्या चौकात मी वळण घेतलं आणि ब्रेक दाबला. चौकात पंधरा फुटी फ्लेक्स लागला होता. त्यावर भगवा फेटा बांधलेले, हातात तलवार घेतलेले आमचे खालचे काका. फेटा पुतणीच्या लग्नातला होता. तलवार कुठली ते कळलं नाही. 'कॅन्सरला धूळ चारणारे विजयी वीर'. खाली शुभेच्छुकांचे एकवीस चेहरे आणि मधोमध सर्वांत मोठा काकांच्या पुतण्याचा. हा पुतण्या गेली नऊ वर्षं भावी नगरसेवक होता.

काका उतरले. पुतण्या धावत आला; रिपोर्टचं त्याला काकींकडून कळलं होतं. "नाना, सरप्राईज होतं!"

"उतरव."

"आवो नाना, तुम्ही जिंकलाय!"

"मी जितलो, मंग बाई हारली का?" काकांचा आवाज नव्हताच, पण चौकातल्या भाजीवालीपर्यंत ते पोचलं. "ती दोन बशी बदलून यायची. मी गाडीत बसून जायचो. तिनं काय कमी केलं ते सांग. सांग ना."

पुतण्याला कोण बाई ते माहीतच नव्हतं. पण लोणीहून निघाल्यापासून हेच वाक्य काकांच्या बसलेल्या घशात अडकलं होतं, हे मला कळलं आणि मला रडू आलं. आमच्या चौकात लागलेला फ्लेक्स मुदतीआधी कधीच उतरलेला नाही. तो फाटून आपोआप जातो. काकांनी भाजीवालीकडून विळा घेतला आणि शिडी मागवली. अडुसष्टाव्या वर्षी ते शिडीवर चढले. मी खाली शिडी धरली. पुतण्याने दुसरी बाजू धरली, कारण न धरून सांगतो कुणाला. दोऱ्या कापल्या आणि एकवीस शुभेच्छुक एकदम रस्त्यावर आले. पुढे तो फ्लेक्स काकांच्या बंद पडलेल्या स्कूटरवर ताडपत्री म्हणून असे, वीर आत आणि पांढरी बाजू बाहेर.

दोन वर्षांनी ते परत आलं. 'ते' म्हणालो, त्याबद्दल काकांनी मला दोन ठोके दिले असते. कॅन्सर परत आला. या वेळी डॉक्टरांनीही काही लपवलं नाही. शेवटच्या दिवसांत मी रोज ऑफिसला जाण्याआधी त्यांच्यापाशी बसत असे. एका सकाळी मनाचा हिय्या केला आणि त्यांनी बाईंना विचारलं होतं तेच विचारलं. "काका, तुम्हाला काय म्हणायचं? म्हणजे, नंतर. बोर्डावर."

त्यांनी बोटाने मला जवळ बोलावलं. मी कान पुढे केला. "आजारी व्हता, वारला, म्हणायचं. लई झालं." थोड्या वेळाने म्हणाले, "आन तू आपलं खालचे काका म्हण. तू वर हायेस, म्हणून मी खाली. ते खरंय."

ते गेले तेव्हा मजकूर पुतण्याने मलाच लिहायला सांगितला. त्याच चौकात साध्या फोटोखाली त्यांचं नाव, 'फ्लॉवरचे शेतकरी. आजारी होते. वारले.' एवढंच होतं. शुभेच्छुक एकही नव्हता. पुतण्याचा चेहराही नव्हता. लोक थांबून वाचत आणि वाचून झाल्यावरही जरा वेळ उभे राहत, आता कुणी खेकसेल अशा अपेक्षेने.

काकी आता लेकीकडे असतात. खालच्या फ्लॅटमध्ये माझ्यासारखंच नोकरी करणारं एक जोडपं आलंय. फार सज्जन आहेत, कुणाशी भांडत नाहीत. परवा रविवारी सकाळी बायको बाहेर गेली होती. मी डायनिंग टेबलाची खुर्ची घरभर चांगली खरडत ओढली, मग दुसरी ओढली, आणि जमिनीकडे बघत बराच वेळ उभा राहिलो.