टकाटक दाढी

वडिलांना लकवा झाला आणि त्यांचं बोलणंच बंद झालं. तेव्हापासून रोह्याच्या बाजारातला एक सलूनवाला त्यांची दाढी करायला घरी यायचा. दारातूनच ओरडायचा, "काका, आज तुम्हाला टकाटक करतो!" त्याचं सगळं बोलणं असंच. खड्ड्यांनी त्याची स्कूटर 'खल्लास' व्हायची, बडबड्या गिऱ्हाइकानं डोक्याचं 'दही' व्हायचं, आणि निघताना तो 'कल्टी' मारायचा. वडील नुसते छताकडे बघत राहायचे. तरी प्रत्येक वाक्यानंतर हा त्यांच्या उत्तरासाठी थांबायचा आणि मगच पुढचं बोलायचा. त्याचं ते थांबणं मला फार आवडायचं.

एका सकाळी अर्धी दाढी झाल्यावर तो म्हणाला, "काका, काल वडखळला जिताडा मासा घेतला. एवढा मोठा, की स्कूटर त्यानंच चालवली. मी मागं बसलो."

तो थांबला. वडिलांचे ओठ हलले.

"फे... फेकू!"

आई स्वयंपाकघरातून धावत आली. मी तर रडायलाच लागले. त्यानं वस्तरा बाजूला ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाला, "व्हय काका, फेकलीच! पण आता हसू नका, गाल कापंल."

वाकड्या ओठांनी वडील हसतच राहिले.