भाच्याचं मशीन

सदर बाजारातल्या त्या गेम दुरुस्तीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही, त्यानंही माझं विचारलं नाही. तो मशीनशी मोठ्यानं बोलतो आणि गिऱ्हाइकाशी हळू. आतल्या सेटिंगमध्ये शिरायचं बटण मात्र तो मालकालाच दाबायला लावतो. "दरवाजा घरच्यानंच उघडावा, काकाजी. आतलं मी पाहून घेतो."

माझ्या हातातल्या गेम मशीनचं सिक्योर बूट, म्हणजे चालू होताना आतलं सगळं अस्सल आहे ना हे तपासणारं कुलूप, मी हौसेनं बंद केलं होतं, आणि आता आवडता गेम उघडेना. चोपन्नाव्या वर्षी हे कबूल कसं करायचं? मी म्हटलं, "भाच्याचं आहे."

"मंग भाच्याले घेऊन या."

"तो बाहेरगावी असतो."

त्यानं माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. खेळून खेळून तिथे घट्टा पडला आहे. मग त्यानं मशीन माझ्यापुढे सरकवलं. "बरं, मामाचा अंगठा चालते. आवाजाचं बटण दाबून धरा, मंग पॉवर."

मी दाबलं. सेटिंगचा पडदा आला. त्यानं सिक्योर बूट चालू केलं, गेम उघडून पाहिला. गेम बंद पडण्याआधी महिनाभर मी जिथे अडकलो होतो, तो तुटका पूल समोर आला. पुलावरून उडी मारताना पडल्याचा आकडा कोपऱ्यात होता, तो त्यानं वाचला.

मशीन देताना हळूच म्हणाला, "भाच्याले सांगा, पुलावरून उडी मारून राहिला तो, ते बंद कर म्हणा. खालून पाण्यातून रस्ता आहे."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी मुद्दाम त्याच्या दुकानावरून गेलो. म्हटलं, "भाचा पलीकडे पोचला."

"हव," तो वर न पाहता म्हणाला. "हुशार आहे पोट्टा."