तपासणीची फीत

जुन्या ऑफिसातली आम्ही माणसं आजही भेटलो की, बशीतला चहा गार होतो. एकाने एक किस्सा काढला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि तिसरा म्हणतो, "असं नव्हतंच झालं!" ते फितीचे किस्से तर इतके साठलेत, की कधीतरी ओळीने सांगून टाकावेत म्हणतो.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नगरबाहेरच्या आमच्या ऑफिसात जिल्ह्यातल्या गावोगावच्या पावसाच्या नोंदी यायच्या. त्यासाठी एक कॉम्प्युटर आला. कपाटाएवढा! त्याच्यापुढे टेलिप्रिंटर. त्यावर हुकूम टाईप करायचा, की खडखड करत कागदावर उत्तर. पाऊस कमी असलेल्या गावांची यादी तोच छापायचा आणि त्या यादीवरून पाण्याचे टँकर जायचे. प्रोग्रॅम लिहायचो मी. एक सुधारला की दुसरा बिघडायचा. म्हणून आमचे वरिष्ठ सबनीससाहेब यांनी फर्मावलं, "सगळे हुकूम भोकं पाडून एका कागदी फितीवर घ्या. प्रोग्रॅमला हात लावला की फीत चालवायची. उत्तरं बरोबर आली तरच पुढे जायचं."

फीत सुरू केली की टेलिप्रिंटर आपला आपण हुकूम टाईप करणार आणि उत्तरही छापणार. माणूस नको!

* * *

पहिल्या दिवशी हेच आमच्या रंगनाथमामांनी पाहिलं. मामा म्हणजे ऑफिसचे शिपाई, तिसगावचे, निवृत्तीला आलेले. धावतच साहेबांकडे गेले.

"साहेब, खुर्चीत कोनी न्हाई आन् टायपिंग लई जोरात चाललंय!"

साहेबांनी अर्धा तास समजावलं. मामांनी मान डोलावली. अकराला सगळ्यांचा चहा आला, तेव्हा त्यांनी एक कप त्या रिकाम्या खुर्चीपुढेही ठेवला. थोड्या वेळाने येऊन बघतात तर कप रिकामा!

"पितोय हां," मामा मला हळूच म्हणाले.

दुरुस्तीचे मेकॅनिक शेखभाई मिशी पुसत खिडकीबाहेर बघत होते.

* * *

आलेली उत्तरं बरोबर आहेत का, हे बघायची आमची पद्धत साधी. बरोबर उत्तरांचा एक कागद जपून ठेवलेला. नवा कागद त्यावर ठेवायचा, दोन्ही खिडकीच्या काचेला लावायचे आणि उजेडात अक्षरावर अक्षर बसतंय का बघायचं. ऊन हवंच. म्हणजे पावसाच्या ऑफिसात ढग आले, की काम बंद!

एकदा चार दिवस आभाळ भरून राहिलं. पडलं काहीच नाही, नुसतं भरून. साहेबांनी वरच्या ऑफिसला कळवलं, "ढगाळ हवामानामुळे कॉम्प्युटरची चाचणी होऊ शकली नाही."

उलट टपाली उत्तर आलं, "यंत्र उघड्यावर ठेवले आहे काय?"

* * *

कागद काचेला धरून उभं राहायचं काम मामांचं. एकदा मी आणि साहेबांनी दोनदा तपासलं आणि "ओके" म्हणालो. मामा कागद सोडेनात.

"खाली एक वळ कमी हाय."

"मामा, तुम्हाला इंग्रजी वाचता येतं का?" साहेब वैतागले.

"वाचता न्हाई येत. मोजता येतं."

ओळी मोजल्या. मामा खरे! चाचणीच्या कागदावर एकच तालुका होता, पण मी केलेल्या सुधारणेमुळे प्रत्येक तालुक्याचं शेवटचं गाव गळत होतं. यादी तशीच गेली असती, तर तेवढ्या गावांना टँकर गेला नसता. साहेबांनी स्वतः उठून टेलिप्रिंटरपुढची खुर्ची मामांना दिली.

मामा बसले नाहीत. म्हणाले, "ती त्याची हाय."

* * *

फीत टाईप करायच्या वैद्यबाई. वीस वर्षांत त्यांच्या हातून एक अक्षर चुकलं नव्हतं. आता पंचाईत अशी, की चुकीचा हुकूम दिला तर यंत्र "चूक" म्हणतं का, हेही तपासायचं होतं. म्हणजे फितीवर मुद्दाम चूक हवी. मी चुकीचा शब्द लिहून द्यायचो, बाईंची बोटं तो बरोबर करून टाकायची! तीन फिती वाया गेल्या.

"मला चूक करा असं तोंडी सांगू नका," बाई म्हणाल्या. "लेखी द्या."

साहेबांनी दिलं. सहीशिक्क्यानिशी! "तिसऱ्या ओळीत चूक करण्यास आपणास परवानगी देण्यात येत आहे."

बाईंनी चूक केली, आणि घरी जाऊन दोन दिवस रजा टाकली.

* * *

चाचणीला खरी गावं कशी वापरणार? म्हणून आम्ही फितीवर एक खोटं गाव घातलं. नाव चाचणीवाडी. पाऊस शून्य. शून्य आकडा आला की प्रोग्रॅम गडबडतो का, एवढंच बघायचं होतं. एका आठवड्यात तो चाचणीचा तुकडा खऱ्या नोंदींच्या फितीला चिकटलेला राहिला आणि चाचणीवाडी छापील यादीतून थेट तालुक्याला गेली. आमच्या लक्षात आलं तेव्हा तीन आठवडे उलटले होते. साहेबांनी घाबरून खुलाशाचं पत्र लिहायला घेतलं.

तेवढ्यात दारात एक म्हातारा उभा. पांढरं मुंडासं, हातात आमचीच यादी, एका नावाखाली पेन्सिलीची रेघ.

"पावसाचं हापिस हेच ना? आमच्या गावापुढं शून्य लिवलंय. खोटं हाय ते. साडेतीन इंच पडलाय. आडाला पानी हाय. टँकर रोज येतुया, आमी रोज माघारी लावतोय. दुसऱ्या कुनाला तरी द्या की!"

"गाव कुठलं बाबा?" साहेबांनी विचारलं.

"चाचनीवाडी."

वैद्यबाईंचं टायपिंग थांबलं. शेखभाईंच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पडला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कुठं... कुठं आलं हे?"

"फाट्यावर उतरायचं. पाटी हाय."

म्हातारा पाणी प्यायला, रामराम केला आणि निघून गेला. मग साहेबांनी अर्धं लिहिलेलं पत्र फाडलं आणि म्हणाले,

"बाई, फीत बदला. साडेतीन इंच."