कोळसा बघायला कवठ्याला

आमच्या धाकट्या भावाचा, सदाशिवचा शाळू एका साली पिवळा पडला, तो माझ्यामुळे. तेव्हा लढाईपायी पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी लाकडी कोळशाच्या गॅसवर चालत. पुसेगावच्या थांब्यावर ड्रायव्हर कोळसा चाळून चुरा टाकून देत. कोळसा ओल धरतो असं ऐकलं होतं, म्हणून तो चुरा गाडीभर आणून मी सदाशिवच्या रानात पसरायला लावला. पाऊस ओढलेलाच, पीक हातभर होऊन थांबलं. "अण्णा, ज्याचं रान त्यानंच बघावं," एवढंच तो म्हणाला, आणि माधवनगरच्या गिरणीत जायचं बोलू लागला. चूक कुठं झाली ते पेरणीआधी कळलं तर तो थांबेल, म्हणून पुढच्या भाद्रपदात मी कवठेमहांकाळची वाट धरली. तिथले माझे साडू बापूराव कोळसा घालूनच शाळू पिकवतात, असं कानावर होतं.

पहाटे कोरेगावची मोटार. वर्धनगडच्या घाटात तिला दम लागला आणि क्लीनरनं सगळ्यांना उतरवलं.

"पैसं बसायचं घेतलंस का चालायचं?" एका म्हातारीनं विचारलं.

"बसायचंच घेतलंय, मावशे. चालणं फुकाट."

कोरेगावला आगगाडी मिळते. टाकारी, भिलवडी सोडताना खिडकीबाहेर उसाची हिरवळ हटत नाही. तहानलेल्या मुलखातून आलेल्याला ती बघवतही नाही. माधवनगरला गिरणीचं धुराडं दिसलं. सदाशिव त्याखाली कसा दिसेल, हे मी मनात आणून बघितलं आणि नजर काढून घेतली.

मिरजेत गाडी बदलावी लागते. पुढची छोटी गाडी बैलगाडीला लाजवेल अशी सावकाश. जाणाऱ्यानं पाणी मिरजेतच भरून घ्यावं आणि भाकरी घरून न्यावी. फलाटावरची भजी आणा देऊन घेतली, ती पोटात दगडासारखी बसली.

बापूरावांनी मला रानात नेलंच नाही. गोठ्यात नेलं. बैलांच्या पायाखाली काळा, ओला थर होता.

"पाव्हणं, कोळसा रानात कसा टाकला?"

"तसाच. चाळून."

ते हसले. "म्हंजी उपाशी माणूस पंगतीत बसवलासा. त्यो दुसऱ्याच्या पानातलं खाणारच. कोळशाला आधी हितं पोटभर पाजायचं, शेण-मूत मुरवायचं. मग त्यो रानात गेला की दुसऱ्याला देतो."

"किती दिवस?"

"चार म्हैनं तरी."

मी बोटं मोजली नाहीत. पेरणी पंधरा दिवसांवर होती.

माझा चेहरा बघून मेव्हणीनं ताटात आणखी एक भाकरी टाकली, आणि बापूरावांनी मुरलेल्या कोळशाची दोन पोती बांधून दिली. परतीच्या डब्यात त्यांच्या वासानं माझ्या बाकावर कुणी बसेना. तिकीट तपासनिसानं नाकाला रुमाल लावून विचारलं, "यात काय हाय, आजोबा?"

"खत."

"मेल्यालं हाय का जितं?" म्हणून तो पुढं गेला.

घरी सदाशिवनं सगळं ऐकून घेतलं. "आणलंस तर तुझ्या रानात टाक. माझ्यात परत न्हाई." दसऱ्याच्या आत तो माधवनगरला गेला. मी माझ्याच रानात बांधालगतच्या आठ-दहा ओळींत ती पोती घातली. दोन पोत्यांत आणखी काय होणार?

त्या साली परतीचा पाऊसही झाला नाही. पौषात बाकीचा शाळू वाळून कागद झाला, त्या ओळी मात्र तग धरून राहिल्या. कणसं बोटाएवढीच, पण भरलेली. सदाशिव दोन दिवसांच्या रजेवर आला, तेव्हा आधी त्या ओळींत गेला. बुडाची माती हातानं उकरली, मुठीत दाबली. ढेकूळ मोडलं नाही, इतकी ओल होती. माझ्याशी तो गिरणीबद्दलच बोलला: खोलीत सहा जण झोपतात, कापसानं नाक भरतं.

तो परत गेल्यावर त्याची बायको टोपली घेऊन आमच्या दारात आली.

"भावजी, थांब्यावरला चुरा मिळंल का? बैलाखाली टाकायला सांगून गेल्यात."